पोचांक सात

बाबा गेल्याचं मी त्यांच्या गिऱ्हाइकांना कळवलं, आणि त्या दिवसापासून बाबांच्या पत्त्यावरून गेलेलं एकही पत्र कुणी उघडलं नाही.

हे मला दहाव्याला समजलं. गोदाकाठावरचे विधी उरकून आम्ही परतत होतो. घराच्या वळणावर कौसल्यामावशींनी रिक्षा थांबवली. "हेमा, घरी नको. आधी कारखान्यात चल."

"मावशी, आंघोळ व्हायचीय."

"होईल मग. चल तू."

कारखाना म्हणजे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. माझे वडील, अच्युत निरगुडे, तिथं बावीस वर्षं 'जागल्या' नावाची डबी बनवत होते. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर ती भिंतीवर लावायची. दार-खिडकी बंद असली आणि गिझरला हवा पुरली नाही, की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूच्या जागेवर जाऊन बसतो आणि उठत नाही. आंघोळ करणारा माणूस हळूच खाली बसतो, बाहेरच्यांना वाटतं, आज जरा वेळ लागतोय. जागल्यामध्ये एक छोटी रासायनिक पेशी असते. हा वायू तिच्यात शिरला की बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि डबी ओरडू लागते.

कौसल्या वाघचौरे या बाबांच्या पहिल्या कामगार. तारांच्या जोडण्यांना डाग देण्याच्या टेबलावर त्यांनी वीस वर्षं काढली. त्या दिवशी त्यांनी काचेची पेटी पुढे ओढली. पूर्वी आमच्याकडे मासे होते, त्यांची ती पेटी. तिच्यात त्यांनी निखारा ठेवला, शेजारी शेवटच्या खेपेतली उरलेली एक डबी ठेवली आणि झाकण लावलं.

आम्ही दोघी उभ्या राहिलो. पेटीतल्या वायूच्या मापकाचा आकडा चढत गेला. दोनशे. चारशे. डबीवरचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता.

"ओरडत नाही," मी म्हणाले.

"तीन लावून बघितल्या सकाळपासून. एकपण नाही ओरडली." मावशींनी पदराने हात पुसले. "साहेब कोळसा लावल्याबिगर डबी भाईर सोडत नव्हते. या खेपेला कोळसा कुणी लावला?"

कुणीच नाही. बाबा महिनाभर दवाखान्यात होते. दिवसा मावशी त्यांच्यापाशी बसत आणि मी वाचनालयातून रजा काढून कारखाना बघत होते. थंडी जवळ आली होती, मागणी तीनशे अठरा डब्यांची होती, चार जास्तीच्या धरून माल तयार होता, लोक वाट बघत होते. मी प्रत्येक डबीचं बटण दाबलं, हिरवा दिवा बघितला आणि तपासणीच्या चिठ्ठीवर सही केली. बटण फक्त विजेरी, जोडण्या आणि भोंगा तपासतं. पेशी तपासत नाही. नव्या गोंदाची वाफ पेशीच्या तोंडावर बसून ती बंद झाली होती, हे कोळशाशिवाय कळण्यासारखं नव्हतं. बाबांनी हे मला कधीतरी सांगितलं असेल. मी तेव्हा पुस्तक वाचत असेन.

मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "रडायचं ते मागून रड," त्या म्हणाल्या. "आधी लोकांना कळव."

बाहेर नाशिकचा पारा आठवर होता.

*

मी तिथंच संगणकापुढे बसून पत्र लिहिलं आणि बाबांच्या पत्त्यावरून तीनशे अठरा लोकांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत एकानेही ते उघडलं नव्हतं. मी पुण्याला पुष्करला फोन लावला.

पुष्कर माझा चुलत भाऊ. तो पोच-सल्लागार आहे. कंपन्यांची पत्रं लोकांच्या मुख्य पेटीत पडावीत, कचऱ्यात जाऊ नयेत, हे बघणं त्याचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. त्याने बाबांचा पत्ता आपल्या यंत्रावर टाकला आणि नुसतीच शीळ घातली.

"काकांचा पोचांक शंभरात चौऱ्याण्णव असायचा, हेमाताई. आमच्याकडे मोठमोठ्या बँकांना एवढा मिळत नाही. आज सात आहे."

"सात म्हणजे?"

"सात म्हणजे तू पत्र लिहून गोदावरीत सोड. पोचायची शक्यता जास्त."

मग त्याने मला नीट समजावलं. यंत्रांनी लिहिलेल्या पत्रांचा पूर आला, तेव्हा सगळ्या टपालसेवांनी मिळून एकच चाळणी बसवली. तिचं नाव 'उंबरठा'. प्रत्येक पत्र उंबरठ्यावर तीन गोष्टींसाठी थांबतं. एक, ते खरंच त्या पत्त्यावरून आलंय का. दोन, या माणसाच्या आधीच्या पत्रांचं लोकांनी काय केलं: उघडली, वाचली, उत्तर दिलं की फेकली. आणि तीन, हस्तलय. प्रत्येक माणसाची टंकण्याची एक लय असते. कुठल्या अक्षरानंतर बोट अडखळतं, वाक्य कुठे मोडतं, कुठला शब्द खोडून कुठला घेतला जातो. चालीवरून माणूस ओळखावा तसं उंबरठा यावरून लिहिणारा ओळखतो. पहिल्या दोन गोष्टींची नक्कल लबाडांनी कधीच साधली होती, म्हणून ही तिसरी आली. फोनलाही तीच चाळणी लागली. अनोळखी माणसाचा फोन आता वाजतच नाही.

"पण काकांचं मोडलं कुठे ते सांगतो. एक डिसेंबर. तू सगळ्यांना एकदम काय पाठवलंस?"

"बाबा गेल्याचं."

"किती लोकांना?"

"एकोणीसशे."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. एकोणीसशेपैकी सोळाशे लोकांनी पत्र उघडलं होतं. सरासरी चार सेकंद. मग खोडून टाकलं होतं. उत्तर एकाचंही नव्हतं.

मला क्षणभर राग आला, आणि मग लक्षात आलं. निधनाचं पत्र घरात ठेवत नाहीत. पोस्टकार्डाच्या काळात वाचायचं, फाडायचं आणि आंघोळीला जायचं. त्याला उत्तरही लिहीत नाहीत. जवळचा असेल तो उठून भेटायला येतो. कार्डं गेली तरी लोकांच्या बोटांनी तेच केलं होतं. ज्यांना बाबांविषयी आदर होता त्यांनी तर सगळ्यात आधी खोडलं असणार.

"उंबरठ्याला सुतक कळत नाही," पुष्कर म्हणाला. "त्याला एवढंच दिसलं की सोळाशे लोकांनी एकाच दिवशी या माणसाला हाकलून दिलं. वर हस्तलय काकांची नव्हती, तुझी होती. आणि 'वडील वारले' ही तर लबाडांची सगळ्यात आवडती सुरुवात."

"माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून पाठवते."

त्याने तेही तपासलं. माझ्या ओळखीच्यांसाठी मी नव्वद होते. अनोळखी माणसासाठी एक्केचाळीस. माझं पत्र चिकटवल्यावर नऊ.

"का घसरला?"

"शब्दांमुळे. 'तातडीचं'. 'धोका'. 'आजच बंद करा'. लबाड असंच लिहितात ना. घाई करायला लावायची, घाबरवायचं."

"अरे, पण इथे खरंच घाई आहे! खरंच घाबरायला हवंय!"

"मला ओरडू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "मी चाळणी नाही."

सरकारी ग्राहक कार्यालयात मी आदल्या दिवशीच अर्ज दिला होता. पंधरा कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही होणार होती. दोन वर्तमानपत्रांत निवेदन द्यायचं ठरलं होतं. गिऱ्हाइकांचे घरचे पत्ते आमच्याकडे नव्हते. पार्सल आता सांकेतिक क्रमांकावर जातं आणि ते पोचलं की क्रमांक पुसला जातो. उरले होते फक्त तीनशे अठरा पत्रपत्ते आणि त्यांच्यापुढची आडनावं आणि गावं.

*

दुपारी पुष्करने उपाय काढला. तो हे काढणार याचा मला अंदाज होता. मी आपणहून विचारलं नव्हतं.

"काकांची नऊ हजार पत्रं साठलेली आहेत. आमचं एक यंत्र आहे, ते त्यातून त्यांची हस्तलय उचलतं. टंकताना थांबायचे तसं थांबतं. लय जुळली की उंबरठा एक डिसेंबरचं पत्र परक्याचं धरून सोडून देतो. मृत्यूचा दाखला अजून उंबरठ्यापर्यंत गेलेला नाही, त्यामुळे एक पत्र नक्की आत जाईल. दुसरं पकडलं जाईल आणि पत्ता कायमचा बंद होईल. पण एक जाईल."

"बाबा लिहिणार?"

"बाबांसारखं."

मी हो म्हणाले. हे मी लपवत नाही. तीनशे अठरा घरं समोर असताना तत्त्वं चघळत बसण्याइतकी मी वाचनात बुडालेली नव्हते.

यंत्राने सहा मिनिटं घेतली. मग पडद्यावर अक्षरं एकेक करत उमटू लागली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते थांबत होतं. 'थंडी' लिहिल्यावर बाबा थांबायचे तसं. कारण त्यांचं अनुस्वाराचं बोट दुखरं होतं.

"नमस्कार मंडळी. थंडी पडली. आमचा जागल्या जागा आहे ना? सवड मिळेल तेव्हा त्याचं बटण दाबून विचारपूस करावी. हिरवा दिवा दिसला की आपण निश्चिंत. काही शंका वाटल्यास या म्हाताऱ्याला कळवावं. आपला, निरगुडे."

पोचांक एक्क्याण्णव.

कौसल्यामावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "साहेबच आले की गं," त्या म्हणाल्या.

"यात 'आजच गिझर बंद करा' घाल," मी पुष्करला म्हणाले.

त्याने घातलं. अकरा.

"'डबीवर विश्वास ठेवू नका' घाल."

आठ.

"'हिरवा दिवा खोटा आहे'?"

"ताई, ऐक ना. नऊ हजार पत्रांत काकांनी असं कधी लिहिलेलंच नाही. ते त्यांचं वाटतच नाही. सौम्य ठेवू या. लोक निदान पत्र उघडतील, डबीकडे जातील."

"आणि बटण दाबतील."

"हो."

"आणि हिरवा दिवा लागेल."

पुष्करची बोटं कळफलकावरून खाली आली.

"लागेल ना? तोच तर लागतो. बघून ते म्हणतील, निरगुडेकाकांनी आठवण केली, डबी ठीक आहे, आणि न्हाणीघराचं दार लावून घेतील. पुष्कर, हे पत्र न पाठवण्यापेक्षा वाईट आहे. आज निदान कुणी त्या डबीकडे बघतही नसेल."

"मग काय करणार आहेस?"

"पुसून टाक ते."

"एकदा विचार कर. एक्क्याण्णव, ताई. मी दहा वर्षांत—"

"सह्या माझ्या आहेत. तीनशे अठरा. बाबांच्या तोंडून मी गोड बोलणार नाही, आणि कमी तर अजिबात बोलणार नाही. उंबरठ्याला माझे शब्द चालत नसतील तर उंबरठा बदलेल, शब्द नाही बदलणार."

तो कडवट हसला. "उंबरठा कुणासाठी बदलत नाही."

"काहीच पळवाट नाही का त्याच्याकडे? कुणाला तरी तो आत घेत असेल विनाअट."

पुष्करने चष्मा काढून डोळे चोळले. "एकच. समोरच्याने आधी तुला लिहिलं तर. त्याने स्वतःहून एक ओळ जरी पाठवली, तरी त्याच्यासाठी तू ओळखीची होतेस. मग तू काहीही लिही, धोका लिही, आग लिही, आत जातं. आणि अशी पुरेशी माणसं झाली की इतरांकडेही तुझा अंक चढतो. पण ज्यांना तू माहीत नाहीस ते तुला आधी कशाला लिहितील?"

मी त्या तीनशे अठरा नावांचा कागद छापून घेतला. आठ पानं झाली.

*

तेराव्याला घरापुढच्या मांडवात दीडशे पानं उठायची होती. बाबांना मानणारी माणसं सिन्नर, ओझर, देवळाली, थेट संगमनेरपासून आली होती. कुणी जुनी गिऱ्हाइकं, कुणी शाळेतले सोबती, कुणी नुसतेच शेजारी. वाढप सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी कागद घेऊन मांडवाच्या मधोमध उभी राहिले.

कुमुदआत्याने माझं मनगट धरलं. ती बाबांची थोरली बहीण. "काय चाललंय?"

"सांगायचंय थोडं."

"फोटोपुढे चार शब्द बोलायचे असतील तर जेवणं झाल्यावर बोल."

"बाबांबद्दल नाही बोलायचं. डब्यांबद्दल."

ती एकदम पांढरी पडली. मावशींनी तिला सांगितलं असावं. "हेमांगी, आज? त्याच्या गोडाच्या दिवशी? बावीस वर्षांत त्याच्या मालाला कुणी नाव ठेवलं नाही. तू मांडवात उभी राहून ठेवणार?"

"त्यांच्या नाही आत्या, माझ्या मालाला."

"लोकांना तेवढा फरक कळत नाही. दाराबाहेर पडेपर्यंत ते 'निरगुड्यांच्या डबीपायी माणसं मेली' असं म्हणतील."

"अजून कुणी मेलेलं नाही. म्हणूनच आज."

मी हात सोडवून घेतला. आवाज कापेल अशी भीती होती. तो कापला, पण थांबला नाही. मी सांगितलं, की शेवटच्या तीनशे अठरा डब्या वायू ओळखत नाहीत. हिरवा दिवा लागतो तो खोटा आहे. बाबांनी त्या तपासलेल्या नाहीत, मी तपासल्या आणि मी चुकले. माझं पत्र लोकांपर्यंत जात नाहीय. "मी आता नावं वाचते. तुमच्या ओळखीचं नाव आलं की हात वर करा. त्यांना तुमच्या फोनवरून फोन लावा. तुमचा फोन वाजेल, माझा वाजत नाही. त्यांना म्हणावं, गिझर बंद करा आणि निरगुड्यांच्या हेमांगीला एक ओळ लिहा. काहीही लिहा. माझा पत्रपत्ता खांबाला लावलाय, तो सांगा."

आचाऱ्याने झारा हातात तसाच धरला होता.

"पहिलं नाव. आहेर, पंचवटी."

एकही हात वर गेला नाही.

"आव्हाड, सिन्नर."

"कुठले आव्हाड? बसस्टँडमागचे?" मागून एक पागोटंवाले गृहस्थ उठले. "ते माझे साडू लागतात."

"लावा फोन."

"आत्ता? ते जेवत असतील."

"काका, त्यांची आंघोळ व्हायची असेल तर?"

त्यांनी फोन काढला. मग दुसरे उठले. मग एका बाईंनी सुनेला उठवलं, "अगं, तुझ्या माहेरच्या गल्लीतले नाहीत का हे!" आठव्या नावाला मांडवात बोलणं सुरू झालं होतं, तिसाव्या नावाला गलका. पातेल्यातला भात गार होत होता आणि लोक फोनमध्ये ओरडत होते, "गिझर, गिझर! हो, बंद कर! नाही, दारू नाही प्यायलोय, तेराव्याला आलोय!" कुणीतरी हसलं. मला वाटतं मीच.

आत्या खांबापाशी पाठ करून उभी होती. बहात्तराव्या नावाला ती वळली. "काय म्हणालीस? दाणी, भगूर?"

"हो."

"माझ्या वर्गातली आहे ती." तिने पिशवीतून फोन काढला, चष्मा चढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जोरात वाच. मागे ऐकू जात नाही."

संध्याकाळपर्यंत माझ्या पेटीत एकशे एक्केचाळीस ओळी आल्या होत्या. 'लिहा म्हणाले म्हणून लिहितोय.' 'कोण आपण?' 'बंद केला, आता गार पाण्याने आंघोळ, धन्यवाद.' एका मुलीने नुसता अंगठा पाठवला होता. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, एकेकाला, माझ्या बोटांनी. तातडीचं. धोका. आजच.

तिसऱ्या दिवशी पुष्करचा फोन आला. अनोळखी माणसासाठी माझा अंक त्रेसष्ट झाला होता, आणि तोही त्याच शब्दांसकट.

"तू उंबरठ्याला चुकीचं शिकवते आहेस," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता.

"चुकीचं कसं? बरोबरच शिकवते आहे."

"आता एक सल्ला ऐक. कारखाना चालवणार असशील तर कबुलीचं वाक्य काढून टाक. 'तपासणी मी केली आणि ती चुकली.' त्याने अंक खाली ओढला जातो. ते नसेल तर ऐंशीला जाशील. धंद्याला बरं."

"राहू दे त्रेसष्ट."

कारखान्यात मावशी आणि मी परत आलेल्या डब्या उघडत होतो. दर डबीची पेशी काढायची, नवी बसवायची, कोळशाच्या पेटीत ठेवायची. ओरडली की सही. कानाला दडे बसत होते. मावशी म्हणायच्या, "ओरडू दे मेलीला, बरं वाटतं."

तीनशे अकरा नावं खोडून झाली, सात उरली. त्यांना मी रोज लिहीत होते. रोज वेगळी सुरुवात, पण मधली तीन वाक्यं तीच.

बाबा गेल्याच्या विसाव्या दिवशी सकाळी त्या सातांपैकी एकाचं उत्तर आलं. राजहंस, ओझर. मी ते उभ्यानेच वाचलं.

'तुमची सहा पत्रं एकदम दिसली. आधी वाटलं चोर आहात. आता वाटतं चोर बरे. माझी सून बाळंतीण आहे. रोज दोनदा गिझर लागतो, आणि मी तिला सांगतो, डबी आहे ना, दार लाव खुशाल. तुम्ही न तपासता सही केलीत? लाज वाटत नाही? तुमच्यावर खटला भरणार आहे. तुमच्या वडिलांचं नाव सांगू नका मला.'

मी खुर्चीत बसले. मावशींनी विचारलं, "काय गं?" मी हातानेच थांबा म्हटलं आणि लिहिलं:

'लाज वाटते. खटला जरूर भरा, माझं पूर्ण नाव आणि पत्ता खाली दिला आहे, सहीची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. वडिलांचा यात संबंध नाही. गिझर बंद केलात का?'

पेटीत एक डबी ओरडत होती, मावशींनी ती बंद केली नाही.

मग एक शब्द आला.

'केला.'

मी ते नाव खोडलं आणि उरलेल्या सहांतलं पहिलं पत्र लिहायला घेतलं.